माधवराव येईपर्यंत चहा बंद

"शेवट नीट बघायचा, जसा हाय तसा मला येऊन सांगायचा, आपल्या पदरचं काय घालायचं नाय! आनि येताना आल्याचा च्या आन गं. हितला च्या म्हंजे नुसतं गरम पानी!"

खालापूरच्या नेत्रशिबिरात दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून आडव्या पडलेल्या विठाबाईंनी सुनेला असं बजावलं, आणि जानकीबाई "बरं" म्हणाली. जानकीबाई सगळ्यालाच "बरं" म्हणायची. खोटं बोलायचं नाही आणि आवाज चढवायचा नाही, हे तिचं रोजचं व्रत होतं. सोमवार, चतुर्थी, एकादशी ही झाली वरकड. घरच्यांना तिच्या उपासांची इतकी सवय झाली होती, की ती जेवायला बसली तर तिचे यजमान रामभाऊ विचारायचे, "का गं, आज बरं नाय का?"

आणि याच सवयीने तिचा घात केला!

त्या साली अख्ख्या कडाव गावात टीव्ही एकच. शेजारच्या इंदूबाईंच्या माजघरात. त्यावर दर शनिवारी संध्याकाळी एक रहस्यमालिका लागायची. त्यातल्या सुलोचनाबाईंचे यजमान माधवराव एके संध्याकाळी 'आलोच' म्हणून मागच्या दाराने जातात, ते परत येतच नाहीत. पळाले, की कुणी मारले? गाव नुसतं कासावीस! विठाबाई तर इतक्या कासावीस झाल्या, की त्यांनी देव्हाऱ्यापुढे उभं राहून नवस बोलला : "देवा, माधवराव सुखरूप घरी येऊ दे. तो येईस्तोवर माझी सून च्या पिनार नाय!"

जानकीबाईच्या हातातला कप हातातच राहिला.

"सासूबाई, मी?"

"मग काय मी? च्याबिगर माझं डोळं तरी उघडतात का? तुझं अंग उपासाचं हाय बाय, तुला काय जड जानार!"

देवापुढे निघालेला शब्द. मागे कसा घ्यायचा? जानकीबाईने कप खाली ठेवला. आता सांगते मंडळी, या बाईने आयुष्यात भात सोडला, मीठ सोडलं, कांदा सोडला, पण चहाला कधी हात लावला नव्हता. सोडायला, म्हणते मी! आठवड्याभरात तिचं डोकं देवळातल्या घंटेसारखं घणघणायला लागलं. शेजारी कुणी बशी वाजवली तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

म्हणूनच शेवटच्या भागाच्या संध्याकाळी ती पक्का बेत करून इंदूबाईंकडे गेली. माधवराव घरी येणार, मालिका संपणार, आणि ती तिथल्या तिथे चहा पिणार! "वहिनी, आधण आत्ताच ठेवा," ती हळूच म्हणाली. "तो दारात आला, की साखर टाका."

माजघर गच्च भरलं. पुढे भिवाजी बसले. हे पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यामुळे गावात कोंबडी हरवली तरी पंचनामा करायचे.

आणि शेवट आला. पडद्यावर तिन्हीसांज. सुलोचनाबाई देवापुढे दिवा लावतात. मागच्या दारावर थाप पडते. त्या दचकतात, उठतात, कडीला हात घालतात, गालावरून पाणी ओघळतं, ओठांवर हसू येतं... आणि अंधार! पाठोपाठ नावांची पाटी वर सरकायला लागली.

माजघरात एकदम गलका!

"आला! तोच आला!" इंदूबाई.

"कसला येतोय! पोलीस आलेत निरोप घेऊन," भिवाजी. "थाप ऐकली ना? सरकारी थाप हाय ती. मी तीस वरसं मारलेली हाय!"

"मग ती हसली कशाला ओ, हवालदारसाहेब? पोलिसाला बघून कोन हसतं?"

"रडली का, ते बोल की!"

आतमध्ये आधण आटत होतं. जानकीबाईचा जीव चहात आणि चहा माधवरावात अडकलेला. तिने पुन्हा पुन्हा तो शेवट मनाशी आठवला, आणि तिच्या तोंडून, अगदी हळू, एक वाक्य निसटलं. तेवढं मात्र सगळ्यांनी ऐकलं!

"दिव्याच्या वातीचं तोंड कुठं होतं?"

झालं! मेलेल्या माणसासाठी लावलेल्या दिव्याचंच तोंड दक्षिणेला असतं, हे काय कुणाला सांगायला हवं? वातीचं तोंड उजव्या हाताला होतं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. भिवाजी ताडकन उठले.

"आपली तोंडं उगवतीला. म्हंजे उजवा हात दक्षिणेला! गेला मानूस. लिवून घ्या!"

"अवो, माझा टीव्ही या भिंतीला हाय म्हनून!" इंदूबाई कडाडल्या. "तिकडच्या भिंतीला असता, तर उजवा हात उगवतीला आला असता. मग जिता की!"

"मग लाव तिकडं!"

"लावतेच!"

आणि खरंच चौघांनी टीव्ही उचलला! मालिका संपून शेतकऱ्यांसाठी खतांची माहिती सुरू झाली होती, त्यात दिवा कुठून दिसणार, हे कुणाच्या ध्यानात येईना. जानकीबाई म्हणत होती, "अहो, वायर... वायर..." पण ती म्हणाली हे कळायला तिच्या शेजारी कान लावून बसावं लागायचं. वायर ताणली, छपरावरचा अँटेना काठीसकट कलंडला, तो इंदूबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन पडला. आतून जळक्या पातेल्याचा वास आला. माधवराव जिवंत होते की नव्हते देव जाणे, चहाचं आधण मात्र नक्की गेलं!

सकाळी जानकीबाई खालापूरला निघायच्या तयारीला लागली. रामभाऊ शेतावर गेले होते. चुलीवर सासूबाईंसाठी आल्याचा चहा उकळत होता. ती नाकाला पदर लावून तो ढवळत होती. पण तिकडे भिवाजी पहाटेच एसटीच्या थांब्यावर जाऊन कालचा निकाल जाहीर करून आले होते : "रामभाऊच्या जानकीवैनीनंच पयलं ताडलं. दिव्याचं तोंड दक्षिणेला! गेला मानूस!" तिथे दुधाच्या किटल्या घेऊन कळंबचा दूधवाला उभा होता. रामभाऊंचं घर, दक्षिणेचा दिवा, आणि म्हातारी डोळ्याच्या आपरेशनला गेलेली. त्याला आणखी काय सांगायला हवं? तो निरोप घेऊन तडक कळंबला गेला.

थोड्या वेळाने दारात टेंपो थांबला आणि त्यातून विठाबाईंची धाकटी बहीण गोदामावशी उतरली, ती ऊर बडवतच!

"माझे आक्के! मला न भेटता गेलीस गं!"

जानकीबाई धावत बाहेर आली. "मावशी, कोण गेलं?"

पण ऐकतंय कोण! मावशीची नजर आत गेली आणि तिचं रडणं जागच्या जागी थांबलं. "अगं बया! सासू गेली आनि हिनं चूल पेटवली! च्या उकळतीय!" तिने तांब्यातलं पाणी सपकन चुलीवर ओतलं. सासूबाईंचा चहाही गेला.

"मावशी, सासूबाई बऱ्या आहेत..."

"व्हय गं, बऱ्याच होत्या! देवमानूस होती माझी आक्का!"

रडणं ऐकून शेजारपाजार जमला. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून इंदूबाई रीत पाळून चहाची किटली घेऊन आल्या. कालचं भांडण विसरल्या बिचाऱ्या. त्यांनी वाफाळता कप जानकीबाईच्या थेट नाकाखाली धरला. "घे गं, दोन घोट घे. सकाळधरनं पोटात काय नसंल."

जानकीबाईने कपाकडे पाहिलं. वेलदोडा घातला होता! तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"बघा, किती जीव होता सासूवर," बायका म्हणाल्या. "च्यासुद्धा घशाखाली उतरत नाय!"

तेवढ्यात रामभाऊ शेतावरून आले. दारात गर्दी, मावशीचा हंबरडा, बायको रडतेय! त्यांनी काही विचारलं नाही. खांद्यावरचं खोरं टाकलं आणि "आये गंऽऽ" म्हणून उंबऱ्यातच बसकण मारली.

मग मात्र जानकीबाईचं डोकं फुटायचंच बाकी राहिलं. लग्न होऊन आल्यापासून जो आवाज त्या घराने ऐकला नव्हता, तो निघाला.

"सासूबाई जित्या आहेत! मेला असेल, तर तो माधवराव!"

गोदामावशीने पदराने नाक पुसलं.

"कंचा माधवराव? टीव्हीतला?"

"हो."

"तो कशाला मरतोय? आमच्या कळंबात तर आला!"

जानकीबाई एका पावलात तिच्यापाशी पोचली. "आला? दार उघडलेलं तुम्ही पाहिलं?"

"दार नाय उघडलं. पर आलाच की! बाईच्या तोंडावरनं कळत नाय व्हय?"

"आवो मावशी," गर्दीतून भिवाजी पुढे सरसावले, "तुमचा टीव्ही कंच्या भिंतीला हाय?"

आणि ओटीवर पुन्हा जुंपली! कुणी जात्याचा टीव्ही केला, कुणी तांब्याचा दिवा. रामभाऊ डोळे पुसून, आई मेली नाही म्हणून की काय, दुप्पट आवाजात माधवरावांच्या बाजूने भांडायला लागले. किटली फिरत राहिली, आणि दुखवट्याचा चहा सगळ्यांनी चवीने संपवला.

जानकीबाई आत गेली. आवाज चढला, म्हणून देवापुढे नाक घासलं आणि रात्रीचं जेवण सोडलं. ओली लाकडं बाजूला करून चूल पुन्हा पेटवली, आलं ठेचलं, चहा थर्मासात भरला आणि मागच्या दाराने निघाली.

रामभाऊंनी तिला परसात गाठलं. "अगं, माधवराव आला म्हनून सांग आयेला नि मोकळी हो. एक घोट घेऊन तरी जा. कोन बघतंय?"

"दार कुठं उघडलंय अजून?" जानकीबाई हळूच म्हणाली.

तिने थर्मास पिशवीत घातला. त्याचं झाकण जरा सैल होतं. कर्जतला गाडी बदलून पार खालापूरपर्यंत आल्याचा वास येत राहणार होता. तिने नाकाला पदर लावला आणि थांब्याकडे चालू लागली.