तक्त्यातला साठ

सासूबाईंना हावड्याला आपण स्वतः गाडीने सोडायचं, असं जयप्रकाश सबनीसने गुरुवारी जेवताना जाहीर केलं आणि शुक्रवारी सकाळी गाडीचा स्पीडोमीटर बंद पडला. काटा शून्यावर झोपला तो उठेचना. पार्ट मंगळवारी येईल, असं मेकॅनिक म्हणाला. सासूबाईंची ट्रेन रविवारी दुपारी दोनची.

"टॅक्सी बोलावू," त्याची बायको देवयानी म्हणाली.

पण एकदा बोललेलं मागे घ्यायची सबनीसला भीती वाटत होती. (तो वेगालाही घाबरायचा, पण सासूबाईंना जरा जास्त. श्यामलाबाईंनी अकोल्याच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं होतं. जावई 'अंदाजे' म्हणाला की त्या बोलत काही नसत, फक्त चष्म्यावरून बघत.) त्यात साठची मर्यादा ओलांडल्याबद्दल फ्लायओव्हरवरच्या कॅमेऱ्यांनी दोन महिन्यांत त्याचे दोन फोटो काढले होते. तिसऱ्या फोटोला लायसन्सच जातं, असं बँकेतल्या एका बाबूंनी त्याला चहा पिता पिता ऐकवलं होतं. तेव्हापासून कॅमेरा दिसला की तो श्वास रोखून धरायचा.

"फोनवर दिसतो की वेग," देवयानी म्हणाली.

"फोन आकाशात कुणाला तरी विचारून सांगतो. इंजिन आपलं घरचं आहे."

इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा शाबूत होता. मिनिटाला इंजिनाचे फेरे किती, त्यांना गिअरच्या आकड्यांनी भागलं की चाकाचे फेरे, आणि त्यांना टायरच्या घेराने गुणलं की अंतर. सबनीसने देवयानीची शिवणाची टेप घेतली, पार्किंगमध्ये गुडघे टेकून टायर मोजला आणि शनिवारी दिवसभर बसून प्रत्येक गिअरचा तक्ता केला. तिसरा गिअर, सतराशे फेरे: साठ. त्या ओळीखाली त्याने लाल रेघ मारली. इथून पुढे मरण.

रविवारी एक वाजता ते कोलकात्यातल्या कसब्याहून निघाले. पुढच्या सीटवर लग्नघरासाठी घेतलेली नोलेन गुळाची, म्हणजे खजुराच्या ताज्या गुळाची, मडकी होती. जागा नाही म्हणून देवयानी घरी थांबली. (जागा होती.) मागे श्यामलाबाई पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या. परवा अकोल्यात त्यांच्या भाचीचं लग्न होतं आणि मामीशिवाय मुहूर्त धरायचा नाही, असं भाचीने सांगून ठेवलं होतं.

फ्लायओव्हरवर चढल्यावर सबनीसने काटा सतराशेवर आणला. साठ. बाजूने बस गेली, टेम्पो गेला, मग एक म्हातारे गृहस्थ स्कूटरवरून त्याच्याकडे काळजीने बघत गेले.

"हे सगळे ऐंशी-नव्वदने चाललेत, आई. यांना जिवाची पर्वा नाही."

श्यामलाबाई घड्याळाकडे आणि बाहेर आळीपाळीने बघत होत्या. त्यांचं ते बघणं सबनीसला कॅमेऱ्यापेक्षा भयंकर वाटू लागलं.

"तीस," त्या म्हणाल्या.

"काय तीस?"

"आपला वेग. दोन दिव्यांच्या खांबांत तीस मीटर धरू. दहा अंतरं कापायला छत्तीस सेकंद लागले. या वेगाने आपण स्टेशनात पोचू तेव्हा माझी ट्रेन हावडा सोडून संत्रागाछीला असेल. तो कागद द्या बघू."

सबनीसने तक्ता ओढून काढून मागे दिला. मागे पेन उघडल्याचा आवाज आला.

"जयप्रकाशराव, पंचावन्न सेंटिमीटर ही टायरची त्रिज्या की व्यास?"

"या कडेपासून त्या कडेपर्यंत."

"मग तो व्यास झाला. त्याला परत दोनने का गुणलंत? सगळे आकडे दुप्पट झालेत. निम्मे धरा आणि चला."

म्हणजे खऱ्या साठसाठी तक्त्यातल्या एकशेवीसवर जायचं. सबनीसने चौथा गिअर टाकला, डोळे बारीक केले आणि पाय दाबला. मडकी एकमेकांवर आपटू लागली. कॅमेऱ्याखालून जाताना त्याने मनातल्या मनात लायसन्सचा निरोप घेतला. पूल ओलांडताना खाली हुगळी आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने डावी-उजवीकडे पाहिलंच नाही. "आता अठ्ठावन्न," मागून शांतपणे येत होतं. "आता छप्पन्न. घाबरू नका, वाढवा थोडा."

दोनला दहा मिनिटं असताना तो दोन बॅगा आणि मडकी घेऊन धापा टाकत एसी डब्यात शिरला. बॅगा बर्थखाली ढकलल्या.

"बसा दोन मिनिटं, पाणी प्या," श्यामलाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच माया होती. "रीत बरोबर होती तुमची. गिअरचा भाग तर छानच केलात."

लग्नानंतरच्या दोन वर्षांत प्रथमच कौतुक कानावर पडत होतं. सबनीस बसला. गिअरचे आकडे कुठून मिळवले, हे त्याने सविस्तर सांगितलं. पाणी प्यायला. पुन्हा सांगितलं. मग खिडकीच्या काचेबाहेर सहज लक्ष गेलं, तर एक खांब मागे गेला. मग दुसरा. तिसरा फारच लवकर गेला.

तो दाराकडे धावला तेव्हा फलाट संपून बराच वेळ झाला होता. पुढचा थांबा खरगपूर. गाडी हावड्याच्या पार्किंगमध्ये, फोन गाडीत. तो पांढऱ्याफटक चेहऱ्याने परत येऊन बर्थच्या कडेला बसला, तेवढ्यात टीसी आला.

"ये आपके साथ हैं?" टीसीने श्यामलाबाईंना विचारलं.

"नहीं," त्या म्हणाल्या. "ये सिर्फ मुझे छोड़ने आए हैं."

टीसीने एकदा सबनीसकडे, एकदा बाहेर पळणाऱ्या शेतांकडे पाहिलं आणि पावतीपुस्तक उघडलं.

"कहाँ तक?"