कुकरच्या रिंगेची मोहीम

थोरांच्या लढाया लिहिणारे लिहून गेले. परंतु लेकीच्या घरी पाहुणी आलेली एक बाई परमुलखीं, परभाषेच्या बाजारांत एकटी उतरली आणि यश घेऊन माघारी आली, हें लिहिणारा कोणी नाही, म्हणोन हा मजकूर, तिखटमीठ न लावतां, जाहला तैसा लिहिला असे.

वर्तमान ऐसें. आईसाहेब, साठी उलटलेल्या, हयातभर बालवाडीची सुभेदारी केलेल्या, लेक व जावईबापू यांच्या आग्रहावरून त्यांच्या शहरीं दाखल जाहल्या. शहर नामांकित, एका जिन्यांत चार भाषा, आणि लिफ्टमध्ये चौघे चार देवांचे, आणि चौघेही एकमेकांस न पाहतां मजल्याचे आकडे पाहात उभे. लेक आणि जावईबापू सकाळींच कचेरीस कूच करीत, आणि मग उंच मजल्यावरील त्या किल्ल्यांत आईसाहेब एकट्या. लेकीचा सक्त हुकूम होता कीं, आईने एकटीने खालीं उतरूं नये, भाषा येत नाही, रस्ता चुकेल, हवें तें फोनवरून मागवूं. हुकूम मायेचाच, परंतु ज्या बाईने उभी बालवाडी एका टाळीसरशी गप्प बसविली, तीस तो जाचे. स्वैंपाकघर तेवढें त्यांच्या अमलाखालीं होतें.

ऐशांत कुकर फितूर जाहला. भात लावला, तों शिट्टी होईना. वाफ झाकणाच्या कडेने फुसफुसत पळों लागली, आणि भात तळीं करपला, वरी कच्चा राहिला. झाकण उघडोन पाहिलें, तों रिंग सैल पडोन तीस चीर गेलेली. लेकीस कळविलें. तिने फर्माविलें कीं, नवी मागवितें, येईल आठवड्यांत, तोंवर बाहेरून डबा आणवूं, तूं कांही करूं नको. आदल्याच सांजेस ती जावईबापूंस हळूच बोलली होती कीं, आईला इथें करमत नाही, परतीचें तिकीट अलीकडचें करून घेऊं. तें आईसाहेबांच्या कानीं आलें होतें. आतां स्वैंपाकघरही गेलें म्हणजे माळ्यावरल्या बॅगेंत आणि आपणांत फरक काय राहिला, ऐसें मनीं येऊन डोळे भरले, आणि मग राग आला, आणि राग आला तें बरेंच जाहलें.

मग मसलत केली, ती स्वतःशींच. पदर खोचला, कापडी पिशवी घेतली, किल्ली कंबरेस लावली, आणि हरवूं नये म्हणोन जुनी रिंग बांगडीसारखी मनगटीं चढवोन खासा स्वारी लिफ्टने उतरली. फोन ओट्याजवळ चार्जिंगला राहिला, हें ध्यानीं आलें नाही.

पहिली गांठ खिळे-कुलपांच्या दुकानदाराशीं पडली. गृहस्थ उंच, अदबशीर; त्याने स्टूल दिलें, रिंग उन्हांत धरोन न्याहाळली, आणि मोठ्या आत्मविश्वासाने स्कूटरची ट्यूब काढोन पुढें ठेविली. आईसाहेबांनी नकारार्थी मान हलविली. त्या हलविण्याचा अर्थ त्या गृहस्थाच्या मुलखीं होकाराचा असावा, कारण तो ट्यूब कागदांत बांधों लागला. तेव्हां हात जोडोन, हंसोन, पाऊल पाऊल मागें घेत तेथून सुटका करून घेतली.

पुढें बांगड्यांवाली. तिने मनगटींची काळी रिंग पाहिली, तीस दया आली, आणि कांही बोलावयाचे आंत रिंग उतरवोन केराच्या टोपलींत टाकिली आणि हिरव्या बांगड्या चढविल्या. आईसाहेबांची नजर क्षणभर हिरव्या रंगावर रेंगाळली, हें लपवूं नये. परंतु लगेच सावध होऊन बांगड्या उतरविल्या, आणि भर बाजारांत टोपलींत हात घालोन रिंग सोडवोन आणिली. लोक पाहात राहिले. पाहोत.

शेवटीं भांड्यांच्या दुकानीं पोंचल्या. गल्ल्यावर म्हातारे शेठ, आंत त्यांची म्हातारी चमचे पुसत बसलेली, चार-सहा बायका खरेदीस आलेल्या, कोणाची भाषा कोणाशीं मिळेना. आईसाहेबांनी हवेंत भांडें काढिलें. शेठनीं बादली आणिली. झांकण दाखविलें, शेठनीं पिंप आणिलें. सारे उपाय हरले, तेव्हां बालवाडींत जन्मभर कोंबडा, आगगाडी आणि म्हैस केलेल्या त्या बाईने डोळे मिटले, गाल फुगविले आणि भरदुकानांत शिट्टी दिली. साक्षात कुकरची, आधीं खदखद, मग फुसफूस, मग तो दीर्घ सूर.

सारे वळोन पाहों लागले. आईसाहेबांस वाटलें, झाली शोभा. इतक्यांत चमचे पुसणारी म्हातारी उठली, कंबरेवर हात ठेवोन तिने स्वतःची शिट्टी दिली, ती खणखणीत, आणि तांदूळ निवडल्यासारखीं बोटें करोन तीन बोटें वर केलीं. आईसाहेबांनी लगेच मान हलवोन दोन दाखविलीं. भात तो, तीन शिट्ट्या म्हणजे गाळ. तों शेजारची चष्मेवाली गिऱ्हाईक मध्यें पडली, तिने पांच दाखविलीं, तीं उसळीचीं असावींत. मग ज्या बायका इतका वेळ परस्परांस ओळख देत नव्हत्या, त्या हातघाईवर आल्या, आणि शिट्ट्या आणि बोटें आणि हंसणें यांचा एकच कल्लोळ जाहला, आणि शेठ बादली हातीं धरोन उभे राहिले.

म्हातारीने खण ओढिला. आंत रिंगांची रास. जुनीवर नवी ठेवोन मापली, ती तंतोतंत बसली.

दुकानाबाहेर पडतांच सगळ्या इमारती एकसारख्या दिसों लागल्या, तेव्हां किल्लीच्या चकतीवरलें इमारतीचें नांव पाहोन म्हातारी आपण होऊन सोबत निघाली, पिशवीही तिनेच धरली. फाटकाशीं लेक उभी, कचेरी सोडोन धांवत आलेली, चेहरा उतरलेला.

“फोन का उचलत नाहीस तू? माझा जीव गेला होता इथे.”

“घरी राहिला गं. बाजारात गेले होते.”

“एकटी?”

“जाताना एकटी. येताना ही होती.”

“कोण या?”

“नाव नाही विचारलं अजून. भाताला तीन शिट्ट्या घेते, एवढं कळलंय.”

लेक रडावें कीं हंसावें यांत सांपडली, आणि मग तिने म्हातारीच्या हातची पिशवी घेतली आणि दोघींस वर नेलें. वर दुपारीं कुकर चढला, रिंग चढली, शिट्टी जाहली, ती खालच्या मजल्यापर्यंत ऐकूं गेली. तिकिटाचा विषय लेकीने काढलाच नाही. जावईबापूंनीं काढिला, तो तिने डोळ्यांनींच मोडिला.

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली, बाजारपेठ हस्तगत, किल्ल्याचा दरवाजा आंतून उघडला. दोन शिट्ट्या कीं तीन, हा वाद मात्र तहांत मिटला नाही. त्यास्तव आईसाहेब आणि ती म्हातारी दर बुधवारीं भेटतात, एकमेकींचा भात चाखतात आणि आपापल्या भाषेंत नांवें ठेवितात. मिती मोहिमेची, खूण ओल्या हाताची, मजकूर पुरा.