सरकत्या दरवाजातली खसखस

"सांगून ठेवते," मनकर्णाबाई अनारशाची कढई उतरवता उतरवता म्हणाल्या, "आज ह्या गाडीनं जवायापुढं आपली इज्जत राखली तं ठीक. नाई तं उद्या सकाळी भंगारवाला येऊन राह्यला. म्या त्याले फोन केला हाय."

अर्जुनरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "चालती गाडी भंगारात?"

"चालते कवा? तुम्ही तं सदा खोलूनच ठेवता!"

यात तथ्य होतं. धाडच्या अर्जुनरावांची व्हॅन बावीस वर्षांची होती. शाळेतल्या क्लार्कच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी तिच्या दुरुस्तीला वाहून घेतलं होतं. गाडी बिघडण्याची वाट पाहत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, ते आधीच दुरुस्त करून टाकत. डावीकडचा सरकता दरवाजा तेवढा उघडत असे. उजवीकडचा त्यांनी चार वर्षांपूर्वी दुरुस्त केला होता आणि तेव्हापासून तो भिंतीसारखा गप्प होता.

आज अधिक महिन्याचं, म्हणजे धोंड्याचं जेवण होतं. दीपमालाच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना, म्हणजे जावयाला तेहतीस अनारसे, नवे कपडे, ओवाळणी, सगळं आलं. दीपमाला आणि कुलदीप मोताळ्याहून बुलडाण्यापर्यंत एसटीनं येणार होते. "पुढं गाडी घेऊन मी येतो," असं अर्जुनरावांनी फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं होतं.

निघण्याआधी त्यांनी डावा दरवाजा सरकवून पाहिला. दोन हात आणि एक पाय लावल्यावर तो वीतभर हलला. ग्रीसचा डबा तर महिनाभरापासून रिकामा होता. दुकान उघडायला तासभर अवकाश होता आणि एसटी काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हती.

हात धुवायला ते स्वयंपाकघरात आले आणि त्यांचं लक्ष कढईकडे गेलं. अनारसे तळून झाले होते. तळाशी तूप उरलं होतं, गुळाच्या कणांनी लालसर झालेलं, वर खसखस तरंगणारं. मनकर्णाबाई साडी बदलायला आत गेल्या होत्या. तूपही वंगणच की, आणि तेही साजूक! अर्जुनरावांनी दोन पळ्या तूप उचललं आणि दरवाजाच्या रुळात ओतलं.

दरवाजा एका बोटानं सरकला. अर्जुनरावांनी तो बारा वेळा सरकवला. शेवटच्या तीन वेळा तर निव्वळ आनंदासाठी.

बुलडाण्याच्या स्टँडवर कुलदीपनं दरवाजाला हात लावला आणि तो चकित झाला. "मामा, लोण्यासारखा सरकून राह्यला हो दरवाजा!"

लोणी नाही, तूप, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण अर्जुनराव नुसते हसले. "घरी निगा ठेवतो, जवाईबापू. मेकॅनिकले हात लावू देत नाही म्या."

दीपमाला वडिलांशेजारी पुढं बसली. कुलदीप अंगानं चांगला भरलेला, तो मागच्या सीटवर आंब्यांच्या पेटीसह ऐसपैस बसला. धाडच्या वाटेवर रस्त्याचं काम चाललेलं होतं. समोरच्या ट्रकनं उडवलेला पांढरा फुफाटा गाडीच्या प्रत्येक फटीत शिरत होता. अर्जुनराव मात्र शिट्टी वाजवत होते. भंगारवाल्याला काय सांगायचं, तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

गाडी अंगणात शिरली. मनकर्णाबाई ताम्हणात निरांजन घेऊन उभ्या होत्या. शेजारच्या अन्नपूर्णाबाई जावई पाहायला म्हणून आल्या होत्या. दीपमाला पुढच्या दारानं उतरली. कुलदीपनं मागचा दरवाजा ओढला.

दरवाजा हलला नाही.

"जरा जोर लावा, बापू," अर्जुनराव म्हणाले.

कुलदीपनं जोर लावला. अर्जुनरावांनी बाहेरून लावला. गाडी हलली, दरवाजा जागच्या जागी. गूळ आणि धूळ यांनी वाटेत एकमेकांना असं काही धरलं होतं की रुळाची जागा सिमेंटनं लिंपल्यासारखी दिसत होती.

"तिकडच्या दरवाजानं उतरा," अन्नपूर्णाबाईंनी सुचवलं.

"तो यायनं दुरुस्त केला हाय," मनकर्णाबाई दातावर दात ठेवून म्हणाल्या.

मग दोन सीटांच्या मधून पुढं येण्याचा प्रयत्न झाला. कुलदीपचं डोकं आलं, एक खांदा आला, मग त्याला ना पुढं येता येईना ना मागं जाता. दीपमालानं हसू दाबत त्याला परत ढकललं.

"डिक्कीतून काढू," डिक्कीची कडी काढत अर्जुनराव म्हणाले.

"धोंड्याचा जवाई डिक्कीतून?" मनकर्णाबाईंचा आवाज चढला. "सोयाबीनचं पोतं हाय काय ते? नोका! निरांजन विझून राह्यलं, पयले ओवाळून घेते."

आणि जावयाची ओवाळणी व्हॅनच्या खिडकीतून झाली. कुंकू लावायला मनकर्णाबाईंना टाचा उंचवाव्या लागल्या. त्या गडबडीत निम्मं कुंकू जावयाच्या नाकावर गेलं. कुलदीपनं खिडकीतूनच हात जोडले. अर्जुनराव पाना घेऊन दरवाजाभोवती फिरत होते. त्यांना दरवाजा दिसत नव्हता, उद्याचा भंगारवाला दिसत होता.

"मामा," आतून कुलदीपचा आवाज आला, "हे मुंगळे कायले येऊन राह्यले?"

लिंबाच्या झाडापासून दरवाजापर्यंत काळ्या मुंगळ्यांची रांग लागली होती. गुळाचा वास त्यांना लागला होता आणि रुळावरून त्यातले काही धाडसी मुंगळे थेट कुलदीपच्या नव्या पँटीत शिरले होते.

पुढच्या क्षणी डिक्की धाडकन उघडली आणि जावई कोणाच्याही मदतीशिवाय, सीट आणि आंब्यांची पेटी ओलांडून, अंगणात उतरला. त्यानं दोन मिनिटं केलेला नाच पाहून अन्नपूर्णाबाई पदरात तोंड घालून घरी गेल्या.

शांत झाल्यावर कुलदीप रुळापाशी उकिडवा बसला. बोटानं थोडा चिखल काढून त्यानं निरखला. मग वासही घेतला.

"मामा, ह्याच्यात खसखस हाय."

मनकर्णाबाईंनी आधी रुळाकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे, मग नवऱ्याकडे. अर्जुनरावांनी आभाळाकडे पाहिलं.

कुलदीपनं गरम पाण्याची बादली मागवली. गूळ विरघळला, धूळ वाहून गेली आणि पंधरा मिनिटांत दरवाजा उघडला. अर्जुनरावांना त्याचाही थोडा राग आला.

जेवणं झाली. रीतीप्रमाणे मनकर्णाबाईंनी विचारलं, "बोला बापू, काय पाहिजे तुमाले? आज तुमाले नाही म्हणता येत नाही."

"गाडी भंगारात देऊ नका, मामी," कुलदीप म्हणाला. "दीपमाला ह्याच गाडीतून माह्या घरी आली. इंजिन अजून ठणठणीत हाय."

अर्जुनरावांचे डोळे भरून आले. असा जावई मिळायला भाग्य लागतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

"फक्त एक," कुलदीप पुढं म्हणाला, "मामांनी तिले पाना लावायचा नाही. कधीच."

"दिलं!" मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी भंगारवाल्याला तिथल्या तिथे फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं, पान्यांची पेटी कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली. गाडी वाचली होती, पण अर्जुनरावांचं तोंड मात्र गाडी गेल्यासारखं झालं होतं.

पहिला दिवस त्यांनी व्हॅन नुसती पुसली. दुसऱ्या दिवशी ते मिक्सरजवळ कान देऊन बसले. "आवाज बदलला वाटते ह्याचा," ते म्हणाले, आणि संध्याकाळी चटणी पाट्यावर वाटावी लागली. तिसऱ्या दिवशी बेडरूमचा पंखा उलटा फिरायला लागला.

चौथ्या दिवशी भर दुपारी, बाहेर ऊन रणरणत असताना, मनकर्णाबाई झोपेतून घामाघूम होऊन उठल्या. अर्जुनराव भाजीचा चाकू आणि चिमटा घेऊन कूलरसमोर बसले होते. कूलरची मोटर त्यांच्या मांडीवर होती.

"हवा तं नीट फेकत होता ना हा?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"हाव, पण पुढं फेकला नसता," अर्जुनराव शांतपणे म्हणाले.

मनकर्णाबाईंनी कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं आणि पान्यांची जड पेटी दोन्ही हातांनी उचलून अंगणात, व्हॅनच्या चाकाशी नेऊन ठेवली.

"जवायाले म्या सांगत नाही," त्या म्हणाल्या. "जा. गाडी खोला."