पहिल्या तारेचा रिपोर्ट

जालिंदर कुरकुंभला एका केमिकल कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला होता. माल पास की नापास हे ठरवायची एकदा सवय लागली की माणूस घरच्या आमटीचाही नमुना बाटलीत भरून ठेवतो. (त्याने ठेवलाही होता. बायकोने, म्हणजे शितलने, तो बाटलीसकट फेकून दिला.) अशा माणसाने गिटार शिकायला घेतली, इथपर्यंत ठीक होतं. मेव्हणीच्या साखरपुड्यात वाजवीन म्हणून शब्द देऊन बसला, तिथे घात झाला.

शब्द दिला तो सासऱ्यासाठी. न्हावऱ्याचे आनंदराव, आठ म्हशींचे मालक. त्यांनी जावयाला कधी वाईट म्हटलं नाही, कारण जावयाबद्दल बोलण्यासारखं काही आहे असंच त्यांना वाटत नसे. "बरं हाय ना?" एवढं विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आत गोठ्याकडे निघायचे. जालिंदरला हे फार लागायचं. एकदा तरी त्यांनी चारचौघांत तोंड भरून 'आमचे जावई' म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

साखरपुड्याला दहा दिवस उरले आणि गिटारची पहिली तार तुटली. दौंडच्या दुकानातून नवी आणली, तीही लावता लावता तुटली. त्याला येणारं एकुलतं एक गाणं सगळंच्या सगळं त्याच तारेवर होतं. दुकानदार म्हणाला, सुरमोती कंपनीची घ्या. शिफ्टमधला भिमाजी म्हणाला, गोल्डन टोन. मोबाईल म्हणाला, वज्र.

"अहो, कुठलीबी एक घ्या आन् लावा," शितल म्हणाली.

"असं कसं? टेस्टिंग नको?"

त्याने तिन्ही कंपन्यांच्या दोन-दोन तारा मागवल्या. (एका नमुन्यावर निष्कर्ष काढत नसतात.) एकेक तार चढवायची आणि तुटेपर्यंत पिळायची. किती वेढ्यांना तुटली, कुठे तुटली, शेरा. पार्सल यायला उशीर झाला, त्यामुळे साखरपुड्याच्या सकाळपर्यंत टेस्टिंग चाललं. दीड वेढ्याच्या फरकाने वज्र जिंकली. जालिंदरने रिपोर्ट छापला, खाली सही केली आणि गिटार पाठीला लावून बायकोसह न्हावरे गाठलं.

मांडव गच्च भरला होता. सत्कार लांबले होते, लोकांच्या पोटात कावळे ओरडत होते. शितल गावभर सांगून आली होती, त्यामुळे माईकवर जालिंदरचं नाव पुकारलं गेलं.

"चला, लावा ती वज्र," शितल म्हणाली.

"ती टेस्टिंगला गेली."

"दोन होत्या न्हवं?"

"दोन्हीचं टेस्टिंग झालं."

शितलने कपाळावर हात मारला. तेवढ्यात, जावई कुठे अडकले म्हणून आनंदराव मांडवामागच्या खोलीत आले. जालिंदरने काही न सुचून त्यांच्या हातात रिपोर्ट दिला. त्यांनी चष्मा लावून तो शांतपणे वाचला. सासऱ्याने त्याचं काही एवढं मन लावून आजवर वाचलं नव्हतं.

"जावईबापू, साही तारा एकाच जागी तुटल्या व्हय? खुंटीपाशी?"

"हो मामा. तसा कॉलमच आहे."

आनंदरावांनी गिटारच्या लोखंडी खुंटीवरून अंगठा फिरवला. "हितं धार हाय. म्हशीचं दावं खुट्यापाशी तुटाया लागलं, तर मी दाव्याची कंपनी बदलत न्हाई. खुटा घासतो."

गोठ्यातून कानस आणवून त्यांनी दोन मिनिटांत खुंटी गुळगुळीत केली. गिटार दुरुस्त झाली. तार मात्र नव्हती.

मग आनंदराव स्वतः माईकपाशी गेले. घसा खाकरला.

"मंडळी, आमचे जावई," ते म्हणाले, आणि जालिंदरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, "आज गिटार वाजवणार न्हाईत. जेवाया चला."

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला.