सेलोकर काकांचं उन्हाळी नागपूर

उन्हाळ्यात नागपूरला काय काय बघण्यासारखं आहे, हे आमच्या वरठी गावात कोणालाही विचारा, फक्त सेलोकर काकांना विचारू नका. त्यांना सगळं माहीत आहे. अडचण तीच आहे. मागच्या मे महिन्यात मी त्यांना विचारलं, "काका, तो नवा वॉटर पार्क कसा आहे? मुलगी मागे लागली आहे."

"पायऱ्या बावीस," काका म्हणाले. "कठडा एकाच बाजूनं. अन् सर, सारं ओलं राह्यते."

मी म्हटलं, वॉटर पार्क ओला असणारच.

"तेच तं सांगून राहिलो. कोनाचं लक्षच नाई."

काका आमचे शेजारी; मी शाळेत शिकवतो, म्हणून त्यांच्यासाठी 'सर'. पोलाद कारखान्याच्या सुरक्षा विभागात त्यांची सारी नोकरी गेली. कुठे कठडा सैल आहे, कुठे तेल सांडलंय, कोणी हेल्मेट घातलं नाही, हे पाहत फिरायचं. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, फिरणं आणि पाहणं मात्र सुटलं नाही. एप्रिल लागला की ते पेपरातल्या नागपूरच्या जाहिराती कापून वहीत चिकटवतात. आंबा महोत्सव, हातमागाचं प्रदर्शन, सर्कस, आनंदमेळा. मग डोक्याला दुपट्टा, उन्हासाठी एका खिशात कांदा, दुसऱ्या खिशात पाच मीटरचा टेप, असे सकाळच्या गाडीने निघतात. संध्याकाळी परत आले की अख्ख्या सर्कशीचा वृत्तान्त एका वाक्यात संपतो. "लाकडी फळ्या हायेत, मधात फट हाये."

आंबा महोत्सवात तर ते उद्घाटनाच्या वेळी मंडपाच्या पायऱ्यांपाशी वाकून टेप लावत होते. वरून एक पुढारी उतरत होते. त्यांना वाटलं, हे पाया पडताहेत. त्यांनी काकांच्या पाठीवर हात ठेवला, "असू द्या, असू द्या."

"कशी असू द्या?" काका म्हणाले. "आठ इंच हाये. जास्त हाये."

तिथे आंबे कोणते होते, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

लोक हसतात. मीही हसायचो. मग एकदा काकांनी स्वतःच कारण सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी भाताच्या रोवणीच्या दिवसांत काकांच्या बायको, शांताकाकू, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरल्या आणि कंबरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. डावा पाय मात्र चार बोटांच्या वर उचलेना. पुढे सिहोऱ्याला भाच्याचं लग्न निघालं. हॉलच्या पायऱ्या उंच. चार पोरांनी काकूंना खुर्चीसकट उचललं आणि वर नेलं. बँडवाले वाजवायचे थांबून बघत राहिले, व्हिडिओवाल्याने नवरदेव सोडून काकूंवर लाइट मारला. घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "मले आता कुठीच नेऊ नका. लोकं उचलतीन तं मी येत नाई."

तेव्हापासून त्या अंगणाच्या फाटकाबाहेर गेल्या नाहीत. त्याआधी लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात दोघं एक दिवस नागपूरला जात. वर्षभरात तेवढीच काय ती सहल.

"सर," काकांनी मला विचारलं, "एवढ्या मोठ्या शहरात एक तरी जागा असन ना, जिथं तिले कोनी हात लावनार नाई?"

यंदा मे महिन्यातल्या एका भर दुपारी काका नागपूरहून थेट माझ्या दारात आले. माठातलं पाणी प्यायले, धाप टाकली आणि म्हणाले, "शून्य."

तिथल्या एका मैदानावर माशांचं प्रदर्शन लागलं होतं. काचेचा बोगदा, डोक्यावरून मासे, आत एसी, खाली गालिचा आणि पायरी एकही नाही. काका तीनदा जाऊन खात्री करून आले होते. "उतार बी पाहिला. चालते."

काकूंना पटेना. "पायरी नाई अशी जागा असते का, बाप्पा?" दोन दिवस लागले मनवायला. रविवारी माझ्या गाडीतून आम्ही निघालो, माझी मुलगीही सोबत. काकू लग्नाला जावं तसं नवं लुगडं नेसल्या होत्या.

आणि प्रदर्शनाच्या तोंडाशीच एक लाकडी पाट ठोकलेला. केबल झाकायला म्हणून आदल्या रात्री टाकला होता, असं तिथला पोरगा म्हणाला. काकांचा चेहरा उतरला. काकू पाटाकडे बघून गाडीकडे वळू लागल्या. तेवढ्यात दोन धट्टेकट्टे स्वयंसेवक पुढे आले, "आजी, आम्ही उचलतो ना!"

"हात लावाचा नाई!" काका एवढ्या जोरात ओरडले की तिकिटाची रांग वळून बघू लागली. मग ते गुडघ्यावर बसले आणि त्यांनी टेप काढला. "अडीच इंच हाये, शांता."

काकूंनी पाटाकडे बघत हवेतच चार बोटं आडवी धरून पाहिली. मग वॉकर वर टेकवला, डावा पाय उचलला, तो थरथरला आणि वर आला. मागोमाग उजवा. रांगेतल्या एका बाईने टाळी वाजवली, काकांनी तिच्याकडे रागाने पाहिलं.

आत निळा उजेड होता. काकू पाऊल पाऊल चालत होत्या, मान वर करून. एकदम थांबल्या.

"हा पिवळा कोनता जी?"

"मले नाई मालूम."

"तीनदा येऊन गेले ना तुमी? मंग?"

"मासे नाई पाहिले."

"काहून?"

"एकट्यानं कायले पाहू?"

मी मुलीला पलीकडचं कासव दाखवू लागलो. काकांचे डोळे सवयीने गालिच्यावर, काकूंच्या पावलांपाशी होते.

"वर पाहा ना," काकू म्हणाल्या. "माह्या पायाकडं मी पाहते."

काकांनी मान वर केली. पिवळा मासा तोवर पुढे निघून गेला होता. गर्दी दोन्ही बाजूंनी सरकत राहिली आणि ते दोघं, तो परत यायची वाट पाहत, तिथेच उभे राहिले.