लिमयेकाकांचं सरसेनापतींना पत्र

मी ज्यांच्याकडे पोळ्या करते ते लिमयेकाका सकाळी चहाच्या आधी युद्ध पुकारतात. पेपर उचलायचा, चष्मा लावायचा, पहिलं पान वाचायचं आणि म्हणायचं, "एका सहीचं काम आहे." सही राष्ट्रपतींची. भूदल, नौदल, वायुदल, तिन्हींचे सरसेनापती राष्ट्रपतीच असतात, हे मला चौथी शिकलेलीला काकांनीच सांगितलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नवल वाटलं होतं. त्याला आता आठ वर्षं झाली.

काका कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. बंदूक कधी हातात धरली नाही. झुरळ निघालं की पाय खुर्चीवर घेऊन मला हाक मारतात आणि मी ते मारेपर्यंत कुठून चाल करायची ते वरून सांगतात.

बागेतल्या कट्ट्यावर एकदा कुणीतरी म्हणालं, राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालावं लागतं, मनात आलं म्हणून सैन्य धाडता येत नाही. काका महिनाभर त्या कट्ट्याकडे फिरकले नाहीत. "सल्ला आमटीत मीठ किती घालायचं याचा घ्यावा," मला म्हणाले. तोही ते घेत नाहीत.

मग थेट राष्ट्रपतींनाच पत्रं सुरू झाली. काकांचा हात कापतो, म्हणून लिहायचं माझ्या गळ्यात आलं. कणीक मळून झाली की हात धुऊन मी टेबलाशी बसायचं. कुठल्या खिंडीतून रणगाडे न्यायचे, कुठला पूल उडवायचा, सगळं ते सांगणार. पूल उडवताना चहात बिस्कीट बुडवणार. दुसऱ्यांची पोरं खिंडीत पाठवायला माणसाला काही लागत नाही, हे मी तिथे बसून शिकले. बोलले मात्र कधी नाही. मला समोर कुणी असलं की बोलायला जमत नाही.

दिल्लीहून एकदाच उत्तर आलं, की आपलं पत्र योग्य त्या विभागाकडे पाठवलं आहे. काकांनी ते फ्रेम करून घेतलं. योग्य विभाग म्हणजे लष्कर, अशी त्यांची खात्री.

मग सीमेवर खरंच चकमकी सुरू झाल्या. माझ्या बहिणीचा सागर तिकडे शिपाई आहे. चार दिवस त्याचा फोन बंद. गावाहून बहीण मला विचारायची, पुण्यात काही कळतंय का. पुण्यात मला काय कळणार? काकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी ते अगदी खुशीत होते. "लिहा. महोदया, आता थांबू नये. सैन्याला पुढे जाण्याचा हुकूम द्यावा."

मी 'महोदया' लिहिलं. पुढचं हातून उतरेना. तेवढं सोडून खाली 'आपला नम्र' लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

काका प्रत्येक पत्र भिंगातून तपासतात. हे तीन शब्दांचं पत्र त्यांनी बराच वेळ वाचलं. मला वाटलं, आज काम गेलं.

"कोण आहे तिकडे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. नाव सागर, वय बावीस, फोन लागत नाही.

"आठ वर्षं इथे बसताय. कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

आठ वर्षांत एवढंच उलटं बोलले असेन. काकांनी कागद फाडला. मग दुसरा पुढे ठेवला.

"लिहा. महोदया, शिपाई सागर, वय बावीस. याची मावशी आमच्याकडे पोळ्या करते. आपण तिन्ही दलांच्या सरसेनापती आहात. मावशीला एक फोन करण्याचा त्याला हुकूम द्यावा."

एरवी पत्र टाकायला मला पिटाळतात. त्या दिवशी काठी टेकत स्वतः तीन मजले उतरले.

सागरचा फोन त्याच संध्याकाळी आला. पत्र तोवर कोथरूडच्या बाहेरही पडलं नसेल. पण दुसऱ्या दिवशी दहाच्या आत, सरसेनापतींनी आपलं कसं ऐकलं, ते काकांनी सगळ्या सोसायटीला सांगून टाकलं. सांगोत बापडे.

त्याआधी सकाळी मी आले, तर बेल वाजवायच्या आतच दार उघडलं. काका दाराशीच उभे होते. पेपर बाहेर तसाच पडलेला. फोन आला म्हणून मी मान डोलावली. ते हळूच म्हणाले, "जेवला होता का तो? विचारलंत?"

ते मी विचारायचंच विसरले होते.

"जेवला म्हणाला," मी म्हटलं.