नावासकट फोटो

फोटोच्या बाबतीत माझ्या हातून चूक होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पंचवीस वर्षं स्टुडिओ चालवतोय. भिंतीवर ओलीचा डाग असो की विजेचा मीटर, समोर माणूस असा उभा करतो की मागचं काही म्हणून दिसत नाही!

चुका व्हायच्या त्या वडिलांच्या. मावशीच्या लग्नात, रोल संपला की काय हे बघायला त्यांनी भर उन्हात कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि अख्खं लग्न पांढरंफटक झालं. आठव्या दिवशी मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, लढाईवर गेले, ते परत आलेच नाहीत. दोघांचा एकत्र असा एकही फोटो नाही. मावशीने हे वडिलांना शेवटपर्यंत ऐकवलं.

म्हणून काका जिथे लढले त्या नदीकाठच्या टेकडीवर युद्धस्मारक झालं आणि त्यावर काकांचं नाव कोरलंय असं कळलं, तेव्हा मावशीने एकच मागणं मागितलं. माणूस नाही तर नाही, नावासोबत तरी एक फोटो काढून दे. मी म्हटलं, बघत राहशील!

सात तास बस, मग एकशे ऐंशी पायऱ्या. मावशीचे गुडघे दर दहा पायऱ्यांना संप पुकारत होते. वर काळ्या दगडाची लांब भिंत, नावांच्या ओळी, आणि खाली वळण घेत गेलेली नदी. काकांचं नाव मावशीनेच शोधलं. अक्षरांवरून बोट फिरवलं, मग नदीकडे वळली.

"इतकी सुंदर नदी होती इथे," ती म्हणाली, "आणि हे पत्रात नुसते मोजे मागायचे."

मला हसू आलं, पण तिचे डोळे भरलेले बघून ते गिळलं.

तिला उभं केलं, थोडं डावीकडे सरकवलं, एका बाजूला नदी घेतली आणि एक फोटो टिपला. आणखी चार काढणार होतो, पण माझं स्टँड बघून लोकांना वाटलं, हा इथलाच सरकारी फोटोग्राफर! बघता बघता रांग लागली. नाही म्हणवेना. शेवटी तिथला पहारेकरी मिशा पिळत आला आणि मावशीच्याच जागी उभा राहिला. त्याला जरा सरकायला सांगितलं, तर गडी जागचा हलेना. त्याचा फोटो निघाला आणि कॅमेऱ्याची बॅटरी संपली.

"एकच आहे, पण सोन्यासारखा आलाय," मी मावशीला सांगितलं.

घरी येऊन मोठा करून, फ्रेम करून नेऊन दिला. तिने चष्मा लावला. "ह्यांचं नाव कुठे आहे?"

नाव बरोब्बर तिच्या डोक्यामागे होतं. पंचवीस वर्षांची सवय! मी उद्याच्या बसचं बोलू लागलो. पण तिचे गुडघे अजून सुजलेलेच होते. तिने पदराने काच पुसली.

"राहू दे. तुझ्या वडिलांनी आम्हा दोघांनाही घालवलं होतं. तू निदान एकाला ठेवलंस."

मी ओशाळून बाकीचे फोटो धुंडाळले. पहारेकऱ्याच्या कानाशेजारी काकांचं नाव लख्ख आलं होतं. मावशीने तो फोटोही मागून घेतला.

आता दोन्ही शेजारी शेजारी टांगलेत. येणारे मिशांकडे बघून विचारतात, हे तुमचे यजमान का?

"नाही," मावशी म्हणते. "हे त्यांच्या सोबतीला असतात."

फोटो कोणी काढले, हे कोणी विचारत नाही. मीही आपणहून सांगत नाही.